कृमिविवर

कृमिविवर म्हणजे अवकाश-कालातील दोन दूरच्या स्थळांना, किंवा दोन वेगळ्या विश्वांना, आखूड वाटेने जोडणारी सैद्धान्तिक रचना होय. या रचनेला दोन मुखे असतात व त्यांच्या मधल्या सर्वांत अरुंद भागास कंठ म्हणतात. अल्बर्ट आइन्स्टाइन यांच्या सामान्य सापेक्षता सिद्धान्ताची समीकरणे अशा रचनेला मज्जाव करीत नाहीत. मात्र आजवर एकही कृमिविवर आढळलेले नाही आणि निसर्गात ते घडावे कसे, हेही कोणास सांगता आलेले नाही.

कृमिविवर आणि कृष्णविवर यांची वारंवार गल्लत केली जाते. कृष्णविवरांच्या अस्तित्वाला आता निरीक्षणांचा भक्कम आधार आहे. एम८७ या दीर्घिकेच्या केंद्रातील कृष्णविवराच्या सावलीची प्रतिमा २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. कृमिविवर अद्याप कागदावरच आहे. या विषयाच्या वाटचालीत भारतीय शास्त्रज्ञांचा वाटा लक्षणीय असून त्यातील दोन महत्त्वाचे टप्पे मुंबईतील कुलाबा व पुणे येथील संस्थांशी निगडित आहेत.

शब्द आणि प्रतिमा

या रचनेचे इंग्रजी नाव अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ जॉन व्हीलर यांनी १९५७ मध्ये चार्ल्स मिस्नर यांच्यासमवेत लिहिलेल्या निबंधातून रूढ झाले. सफरचंदाच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूस जाण्यासाठी मुंगीला सालीवरून वळसा घालावा लागतो. फळ पोखरणारी अळी मात्र आतून थेट पलीकडे निघते, ही त्या नावामागील कल्पना. मराठी प्रतिशब्द ‘कृष्णविवर’ या शब्दाच्या वळणावर घडवलेला आहे. ‘विवर’ म्हणजे भोक, बीळ किंवा गुहा. ‘कृमी’ म्हटले की मराठी माणसास पोटातील जंत आठवतात, त्यामुळे वर्गात हा शब्द प्रथम उच्चारला की हशा पिकतो. अर्थाच्या दृष्टीने ‘अळीविवर’ अधिक नेमके झाले असते, परंतु रूढ झाले ते कृमिविवरच.

मुंबईकर वाचकाला सफरचंदाहून करी रोडचे उदाहरण जवळचे वाटेल. लालबागजवळचे करी रोड हे स्थानक मध्य रेल्वेवर, तर लोअर परळ पश्चिम रेल्वेवर आहे. लोकलनेच जायचे असा हट्ट धरला, तर करी रोडहून परळमार्गे दादर गाठावे, तेथे मार्ग बदलावा आणि प्रभादेवीवरून पुन्हा दक्षिणेस लोअर परळला यावे. पायी जाणारा तेच अंतर थोड्याच मिनिटांत कापतो. रुळांवरचे अंतर आणि प्रत्यक्षातले अंतर यांतील ही तफावत कृमिविवराच्या कल्पनेचा गाभा आहे. दृष्टान्त येथवरच ताणावा. पायी चालणारा रूळ सोडून रस्त्यावर येतो. कृमिविवरातून जाणारा प्रवासी अवकाश सोडून कोठेही जात नाही. कृमिविवर हे अवकाशात खणलेले भुयार नसून अवकाशाच्याच घडणीचा एक भाग असते.

पूल, जो ओलांडता येत नाही

सामान्य सापेक्षता सिद्धान्त १९१५ मध्ये पूर्ण झाला. पुढच्याच वर्षी कार्ल श्वार्झशिल्ड यांनी एकट्या, गोलाकार वस्तुमानाभोवतीच्या अवकाश-कालाचे समीकरण सोडवले आणि त्याच वर्षी ऑस्ट्रियातील लुडविग फ्लाम यांनी या उत्तरातील अवकाशाचा आकार नरसाळ्यासारखा असल्याचे दाखवले. १९३५ मध्ये प्रिन्स्टन येथे आइन्स्टाइन व नेथन रोझेन यांनी अशी दोन नरसाळी निमुळत्या टोकांशी जोडली. या जोडणीस ‘आइन्स्टाइन-रोझेन पूल’ म्हणतात. ताऱ्यांपर्यंतचा प्रवास त्यांच्या मनातही नव्हता. इलेक्ट्रॉनसारखा मूलकण हा अनंत घनतेचा बिंदू मानावा लागू नये, म्हणून तो दोन पृष्ठांना जोडणारा सूक्ष्म पूल असावा, असा त्यांचा प्रयत्न होता. कणांचा सिद्धान्त म्हणून तो फसला. पूल तेवढा उरला.

व्हीलर यांनी या पुलाकडे पुन्हा लक्ष वेधले आणि त्याच्या मर्यादाही त्यांनीच उघड केल्या. १९६२ मध्ये रॉबर्ट फुलर यांच्यासह त्यांनी दाखवले की हा पूल स्थिर नसतो. तो उघडतो, रुंदावतो आणि चिमटला जाऊन तुटतो. हे सारे इतक्या झटपट घडते की एका मुखातून शिरलेला प्रकाशकिरणही दुसऱ्या मुखापर्यंत पोहोचत नाही, मग यान व प्रवासी यांची कथाच नको.

श्वार्झशिल्ड यांच्या उत्तराचा संपूर्ण विस्तार केला असता त्यात चार प्रदेश दिसतात: दोन बाह्य विश्वे, एक कृष्णविवर आणि एक श्वेतविवर. श्वेतविवर ही कृष्णविवराची कालदृष्ट्या उलटी प्रतिमा होय. कृष्णविवरातून काहीच बाहेर येत नाही, तर श्वेतविवरात काहीच शिरू शकत नाही. त्यातून द्रव्य व प्रकाश केवळ बाहेर पडतात. लोकप्रिय लेखनात ‘कृष्णविवरात शिरा व श्वेतविवरातून बाहेर या’ असे जे वर्णन आढळते, त्याचा उगम येथे आहे. ते दोन कारणांनी चुकीचे ठरते. एक म्हणजे मधला पूल टिकत नाही. दुसरे असे की तारा कोसळून जेव्हा खरे कृष्णविवर बनते, तेव्हा चित्रातील श्वेतविवराचा व दुसऱ्या विश्वाचा भाग अस्तित्वातच येत नाही. त्याची जागा ताऱ्याच्या द्रव्याने घेतलेली असते.

श्वेतविवरे आणि कुलाब्यातील संशोधन

कोसळणाऱ्या ताऱ्यापासून श्वेतविवर होत नसले, तरी विश्वाच्या आरंभापासूनच ती असू शकतील, असा विचार १९६० च्या दशकात पुढे आला. सोव्हिएत संघातील इगोर नोविकोव्ह (१९६४) व इस्रायलमधील युवाल नेमान (१९६५) यांनी स्वतंत्रपणे सुचवले की विश्वाचे काही तुकडे सर्वसाधारण प्रसरणात मागे राहिले असावेत आणि ते नंतर केव्हातरी उसळून बाहेर पडत असावेत.

या कल्पनेला निरीक्षणांशी भिडवण्याचा एक गंभीर प्रयत्न मुंबईत झाला. जयंत नारळीकर (१९३८–२०२५) केंब्रिज सोडून १९७२ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. ही संस्था १९४५ मध्ये स्थापन झाली व काही काळ गेटवे ऑफ इंडियाजवळील जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत राहून कुलाब्याच्या दक्षिण टोकाशी समुद्रकाठी स्थिरावली. १९७४ मध्ये नारळीकर, अप्पाराव व नरेश दधीच यांचा श्वेतविवरांपासून निघणाऱ्या उच्च ऊर्जेच्या प्रारणाविषयीचा निबंध ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुढील वर्षी नारळीकर व अप्पाराव यांनी त्याचा विस्तार केला.

त्यांचा युक्तिवाद असा होता. श्वेतविवराच्या स्फोटाच्या अगदी आरंभी त्याच्या पृष्ठभागावरून निघालेला प्रकाश दूरच्या निरीक्षकापर्यंत पोहोचतो, तेव्हा त्याची तरंगलांबी आखूड झालेली असते. म्हणजे साधा प्रकाशही क्ष-किरण वा गॅमा किरणांच्या रूपात दिसू शकतो. जसजसा स्फोट पसरतो, तसतसा हा परिणाम ओसरतो. त्यामुळे प्रथम प्रखर, अल्पकाळ टिकणारा उच्च ऊर्जेचा झोत आणि मागाहून मवाळ होत जाणारा वर्णपट अपेक्षित धरता येतो. आकाशात अचानक चमकून विझणाऱ्या गॅमा किरणांच्या स्फोटांची वार्ता जगाला १९७३ मध्येच मिळाली होती आणि त्यांचे कारण कोणालाही ठाऊक नव्हते. श्वेतविवर हा त्या कोड्याचा एक संभाव्य उलगडा ठरू शकत होता.

तो ठरला नाही. १९७४ मध्येच अमेरिकेतील डग्लस अर्डली यांनी आक्षेप घेतला की श्वेतविवराच्या सीमेशी साचत जाणाऱ्या आसपासच्या प्रकाशाची ऊर्जा प्रचंड वाढेल व तिच्या गुरुत्वाकर्षणाने ते श्वेतविवर फुटण्यापूर्वीच कृष्णविवरात रूपांतरित होईल. गॅमा स्फोटांचे कोडेही पुढे वेगळ्या मार्गाने सुटले. १९९७ मध्ये त्यांची मागे रेंगाळणारी चमक टिपता आली व ते अतिदूरच्या दीर्घिकांत घडतात हे कळले; काही स्फोट महाकाय ताऱ्यांच्या अंतातून होतात, तर काही न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून, ज्याचा थेट पुरावा १७ ऑगस्ट २०१७ रोजी मिळाला. तरीही कुलाब्यातील या कामाचा उल्लेख टाळणे योग्य नव्हे. प्रारणाचा वर्णपट काळानुसार कसा बदलेल, याचे गणित त्यात मांडलेले होते, म्हणून ते आकाशाशी ताडून पाहता आले. कृमिविवरांविषयीच्या बहुतांश लेखनाबद्दल असे म्हणता येत नाही.

कंठ उघडा राहण्याची अट

कृमिविवराची खरी अडचण समजण्यास कोलकात्यातील अमलकुमार रायचौधुरी यांचे समीकरण उपयोगी पडते. इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेत त्यांच्याकडे सोपवलेले काम निराळेच होते. सापेक्षतेवरील संशोधन त्यांनी स्वतःच्या ओढीने केले. १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेले हे समीकरण एकत्र प्रवास करणाऱ्या कणांचा समूह गुरुत्वाकर्षणामुळे कसा आकुंचन पावतो वा पसरतो, हे सांगते. पुढे तेच गणित प्रकाशकिरणांच्या जुडग्यासही लावण्यात आले. निष्कर्ष सरळ आहे: ज्या द्रव्याची ऊर्जा-घनता धन आहे, ते प्रकाशकिरणांना एकमेकांजवळच आणते. भिंगातून एकत्र येऊ लागलेले किरण अशा द्रव्यातून जाताना पुन्हा फाकत नाहीत.

आता कृमिविवराकडे पाहावे. एका मुखातून आत शिरणारे किरण कंठाकडे जाताना जवळ येतात. कंठ ओलांडून पलीकडच्या मुखाकडे जाताना मात्र ते एकमेकांपासून दूर व्हावे लागतात, अन्यथा पलीकडे मोकळे अवकाश उरणारच नाही. जवळ येणाऱ्या किरणांना फाकवायचे, तर कंठापाशी गुरुत्वाकर्षणाने ओढून न घेता दूर लोटले पाहिजे. धन ऊर्जेच्या द्रव्याला ते साधत नाही. म्हणजे कंठ उघडा ठेवण्यासाठी ऋण ऊर्जेचे द्रव्य हवे. या काल्पनिक द्रव्यास विलक्षण द्रव्य म्हणतात.

हा मुद्दा नेटकेपणाने मांडण्याचे श्रेय मायकेल मॉरिस व किप थॉर्न यांच्या १९८८ मधील निबंधाकडे जाते. त्याचे निमित्त एक कादंबरी होती. खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांना ‘कॉन्टॅक्ट’ (१९८५) या कादंबरीत नायिकेला दूरच्या ताऱ्याकडे न्यायचे होते व त्यांनी त्यासाठी कृष्णविवर योजले होते. थॉर्न यांनी तो मार्ग अशक्य असल्याचे कळवले आणि कृमिविवर सुचवले. मग त्यांनी प्रश्नच उलटा केला: माणसाला सुखरूप पार होता येईल असे कृमिविवर आधी कल्पावे आणि त्यासाठी कोणते द्रव्य लागेल ते समीकरणाला विचारावे. उत्तर आले ते विलक्षण द्रव्याचे.

ऋण ऊर्जा ही निव्वळ कविकल्पना नाही. दोन धातूच्या पट्ट्या निर्वातात अगदी जवळ ठेवल्यास त्या एकमेकींकडे ओढल्या जातात, हे भाकीत हेंड्रिक कॅसिमिर यांनी १९४८ मध्ये केले व पुढे प्रयोगांनी ते पडताळले गेले. पट्ट्यांमधील ऊर्जा-घनता बाहेरच्या निर्वातापेक्षा कमी, म्हणजे शून्याखाली असते. परिणाम मात्र अत्यल्प आहे: पट्ट्यांतील अंतर मिलिमीटरचा हजारावा भाग असेल, तर दाब सुमारे १.३ मिलिपास्कल, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाच्या साधारण आठ कोटीव्या भागाइतका. याउलट एक मीटर त्रिज्येच्या कंठासाठी लागणारे विलक्षण द्रव्य साधारणपणे गुरू ग्रहाच्या वस्तुमानाच्या तोडीचे, आणि तेही ऋण, असावे लागते. लॅरी फोर्ड व टॉमस रोमन यांनी १९९० च्या दशकात दाखवले की पुंजयामिकी ऋण ऊर्जा उसनी देते, पण कर्ज जेवढे मोठे तेवढी परतफेडीची मुदत कमी.

येथे पुण्याचा संबंध येतो. १९७४ च्या श्वेतविवर-निबंधाचे एक लेखक नरेश दधीच हे पुढे पुण्यातील आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकी केंद्रात, म्हणजे आयुकात, कार्यरत होते व कालांतराने तिचे संचालक झाले. खरगपूरच्या आयआयटीतील सायन कर यांनी काळानुसार बदलणाऱ्या कृमिविवरांचा अभ्यास १९९४ पासून चालवला होता. या दोघांनी मॅट व्हिसर यांच्यासह २००३ मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’ या नियतकालिकात दाखवले की पार होता येण्याजोग्या कृमिविवरासाठी लागणाऱ्या विलक्षण द्रव्याची एकूण मात्रा हवी तितकी लहान करता येते. ‘हवी तितकी लहान’ या शब्दांचा अर्थ नीट घ्यावा. ती शून्य करता येत नाही. शिवाय त्यांच्या उदाहरणांत मात्रा जसजशी घटते, तसतशी कृमिविवराची भूमिती कृष्णविवराच्या उंबरठ्याशी जाऊन ठेपते व तेथील घड्याळे बाहेरच्या तुलनेत फार मंद चालतात. या निबंधाने कृमिविवर शक्य झाले नाही. ‘त्यासाठी ग्रहाएवढे ऋण द्रव्य लागते, म्हणून ते अशक्य’ हा सोपा युक्तिवाद मात्र यापुढे पुरेसा राहिला नाही.

कालप्रवासाचा पेच

मॉरिस, थॉर्न व उल्वी युर्तसेव्हर यांनी १९८८ मध्येच आणखी एक परिणाम दाखवला. समजा, कृमिविवराचे एक मुख गिरगाव चौपाटीवर ठेवले व दुसरे यानात ठेवून प्रकाशवेगाच्या सुमारे ९८ टक्के वेगाने दूर नेऊन परत आणले. चौपाटीवर १० वर्षे लोटली असतील, तर यानात दोनच वर्षे सरलेली असतील. परंतु कृमिविवराच्या आतून पाहिल्यास दोन्ही मुखांची घड्याळे जुळलेलीच राहतात. त्यामुळे परत आलेल्या यानातील मुखात जो शिरेल, तो चौपाटीवरील मुखातून सुमारे आठ वर्षे आधीच्या काळात बाहेर पडेल. यंत्र सुरू होण्यापूर्वीच्या काळात कोणालाही जाता येत नाही. भविष्यातील प्रवासी आजवर गिरगावात का दिसले नाहीत, या प्रश्नाला एवढे उत्तर पुरते.

कार्यकारणभाव उलटवणारी ही शक्यता अनेकांना कृमिविवराविरुद्धचाच पुरावा वाटते. स्टीफन हॉकिंग यांनी १९९२ मध्ये असे अनुमान मांडले की कालयंत्र तयार होण्याच्या क्षणी निर्वातातील ऊर्जा अमर्याद वाढून निसर्गच ते मोडून टाकत असावा. हे अनुमान सर्वसाधारणपणे सिद्ध झालेले नाही.

मराठी विज्ञानकथा

महाराष्ट्रातील बहुसंख्य वाचकांची या विषयाशी ओळख शोधनिबंधांतून नव्हे, कथांतून झाली. श्वेतविवरांवरील निबंध प्रसिद्ध झाला त्याच १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ नावाची कथा आली. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. कथेला पहिले पारितोषिक मिळाल्यावर कळले की ना. वि. ज. ही जयंत विष्णु नारळीकर यांची उलट लिहिलेली आद्याक्षरे होती. परीक्षकांनी हस्ताक्षर ओळखू नये म्हणून कथेची प्रत मंगला नारळीकर यांच्याकडून लिहून घेतलेली होती. दिवसा ज्या समीकरणांचा हिशेब मांडायचा, त्यांच्याच आधारे कथा रचायची, पण दोहोंची सरमिसळ होऊ द्यायची नाही, ही शिस्त नारळीकरांच्या लेखनात दिसते. नंतरच्या अनेक अनुकरणांत ती हरवलेली आहे. ‘इंटरस्टेलर’ (२०१४) या चित्रपटातील शनीजवळच्या कृमिविवराचे चित्रण थॉर्न यांच्या समीकरणांनुसार केलेले होते. कृमिविवर तेथे आले कसे, याचे उत्तर मात्र भौतिकशास्त्राकडे नसल्याने पटकथेनेच दिले.

‘कृमिविवर तयार केले’ या बातम्या

२०१३ मध्ये हुआन माल्दासेना व लिओनार्ड ससकिंड यांनी असा तर्क मांडला की परस्परांशी पुंजबंधनाने गुंतलेले दोन कण आणि आइन्स्टाइन-रोझेन पूल ही एकाच वास्तवाची दोन रूपे असावीत. या विचारधारेतून २०२२ च्या अखेरीस एक निबंध ‘नेचर’मध्ये आला. गूगलच्या पुंजसंगणकावर नऊ क्यूबिट वापरून, कृमिविवरातून संदेश जाण्याशी गणिती साम्य असलेली प्रक्रिया त्यात घडवली होती. अनेक वृत्तपत्रांनी ‘शास्त्रज्ञांनी कृमिविवर निर्माण केले’ असे मथळे दिले. तसे काहीही घडले नव्हते. प्रयोगशाळेच्या अवकाशात कोणतेही छिद्र पडले नाही. पुराचे गणित संगणकावर सोडवल्याने टेबल भिजत नाही. पुढील वर्षी इतर संशोधकांनी, वापरलेले प्रारूप इतके सुलभीकृत आहे की त्यात गुरुत्वाकर्षणाची अपेक्षित लक्षणेच उरत नाहीत, असा आक्षेपही नोंदवला. या विषयावरील बातमी वाचताना ‘आढळले’, ‘घडवले’, ‘अनुकरण केले’ आणि ‘समीकरणास मान्य आहे’ या चार क्रियापदांतील भेद पाहणे अगत्याचे आहे.

शोधाच्या पद्धती

निसर्गात कृमिविवर असलेच, तर ते कसे ओळखावे, याविषयी तीन प्रमुख सूचना आहेत. ऋण वस्तुमान मागच्या ताऱ्याचा प्रकाश बाहेर फेकते. त्यामुळे असे मुख ताऱ्यासमोरून गेल्यास ताऱ्याचे तेज प्रथम वाढेल, मग तो काही काळ दिसेनासा होईल आणि पुन्हा तेज वाढेल (१९९५). साध्या वस्तुमानाने एकच शिखर दिसते. दुसरी सूचना २०१९ मधील आहे: आकाशगंगेच्या केंद्रातील धनु-अ या महाकाय वस्तूमागे कृमिविवर दडलेले असेल, तर पलीकडील ताऱ्यांच्या गुरुत्वाकर्षणाने अलीकडच्या एस२ या ताऱ्याच्या सुमारे १६ वर्षांच्या कक्षेत सूक्ष्म विचलन दिसावे. तसे विचलन सापडलेले नाही.

तिसरी सूचना गुरुत्वीय लहरींची आहे. दोन कृष्णविवरे एकत्र आल्यावर निघणारी लहर घंटानादाप्रमाणे झपाट्याने विरते. त्या जागी घटना-क्षितिज नसलेले कृमिविवर असेल, तर लहर आत जाऊन परावर्तित होईल व मूळ नादामागून क्षीण प्रतिध्वनी उमटतील, असे २०१६ मध्ये सुचवण्यात आले. गुरुत्वीय लहरींचा पहिला थेट वेध १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील लायगो वेधशाळांनी घेतला. त्यानंतरच्या नोंदींत प्रतिध्वनींचा सर्वमान्य पुरावा मिळालेला नाही. याच प्रकल्पातील भारतीय वेधशाळा, लायगो-इंडिया, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ नियोजित आहे. तिच्या उभारणीस केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा असलेली ही वेधशाळा सुरू झाल्यावर लहरींच्या उगमाची दिशा अधिक अचूक ठरवता येईल आणि तीच लहर एकाहून अधिक ठिकाणी टिपली जाऊन नादामागचा खरा प्रतिध्वनी व यंत्रातील खरखर यांत फरक करणे सोपे होईल.